लाकूड गिरणीतला ढीग आणि अ‍ॅझोलला न जुमानणारी बुरशी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पूर्व फ्रान्समधल्या जुरा डोंगरभागातली ही मध्यम आकाराची लाकूड गिरणी. गिरणी किंवा माणसे ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. नमुने किती घेतले, प्लेटवर बुरशीचे ठिपके, म्हणजे वसाहती, किती उगवल्या हे आकडेही त्याच कारणाने दिलेले नाहीत. कामाच्या पद्धतीतली मापे मात्र पूर्ण दिली आहेत, कारण अ‍ॅझोल नावाच्या बुरशीनाशकांना न जुमानणारी बुरशी शोधायची अशी पाहणी दुसरीकडे करायची तर तीच लागतात.

गिरणीत स्प्रूस आणि फरचे ओंडके येतात. साल काढायची, बँड सॉवर फळ्या पाडायच्या आणि त्याच दिवशी फळ्यांचे गठ्ठे औषधाच्या टाकीत बुडवून काढायचे, असा क्रम. ताज्या कापलेल्या ओल्या फळीवर उन्हाळ्यात काही दिवसांतच निळी बुरशी चढते. लाकडाची ताकद त्याने फारशी जात नाही, पण भाव पडतो. टाकीत प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल आणि आयपीबीसी या बुरशीनाशकांचे मिश्रण पाण्यात कालवलेले असे. बुडवलेला गठ्ठा उचलून शेजारच्या उघड्या मातीवर निथळायला ठेवत. मग काही माल भट्टीत वाळवायला जाई, काही तसाच विकला जाई. काही फळ्यांना त्यानंतर रंधा मारत. हे ‘त्यानंतर’ पुढे महागात पडले.

साल, भुसा, ढलप्या, रंध्याचे पापुद्रे सगळे मागच्या आवारात एकाच ढिगावर. बॉयलरवाले आणि बागकामवाले तो माल नेत. उन्हाळ्यात उठाव कमी, त्यामुळे ढीग महिनोन्‌महिने पडून राही.

अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावरची बुरशी. तिचे बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचे, म्हणजे श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जाणारे. ५० अंश सेल्सिअसलाही ती वाढते, म्हणून आतून तापलेला ढीग तिला चांगला मानवतो. माणसाच्या उपचारातली इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसॅकोनॅझोल ही औषधे आणि टाकीतली ती दोन अ‍ॅझोल द्रव्ये एकाच ट्रायअ‍ॅझोल कुळातली. सगळी बुरशीच्या एकाच विकरावर घाव घालतात. ते विकर बनवणारे जनुक सीवायपी५१ए. त्यामुळे शेतात किंवा टाकीच्या आसपास या कुळाला दाद न देणारी बुरशी निपजली, तर ती दवाखान्यातल्या गोळीलाही दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची जी प्राधान्ययादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात ही बुरशी आहे.

लाकूड उद्योगाचा संबंध काही नवा नाही. पूर्व फ्रान्समधल्या लाकूड गिरण्यांत अ‍ॅझोलरोधक फ्युमिगेटस सापडल्याचे बेझाँसोंच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये अशा रोधक बुरशीची जी ‘उगमस्थाने’ दाखवली गेली, त्यांत फुलांच्या कंदांचा कचरा आणि हिरवा कचरा यांच्या जोडीला लाकडाच्या ढलप्यांचे ढीग होते. युरोपीय संघाने प्रोपिकोनॅझोलचा शेतीतला परवाना २०१८ मध्ये पुढे चालू ठेवायला नकार दिला, पण लाकूड टिकवण्यासाठीचा वापर वेगळ्या कायद्याखाली येतो आणि तो त्याने थांबला नाही.

अडचण कशी पुढे आली

ढिगाजवळ लोडर चालवणाऱ्या एका कामगाराला जुना दमा होता. त्याला अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कोपल्मोनरी अ‍ॅस्परजिलोसिसचे, म्हणजे या बुरशीच्या अ‍ॅलर्जीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे, निदान झाले : रक्तातले एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीची प्रतिद्रव्ये) खूप वाढलेले, अ‍ॅस्परजिलसविरुद्धचे विशिष्ट आयजीई सापडलेले, सीटी स्कॅनमध्ये रुंदावलेल्या श्वासनलिका. स्टेरॉइडबरोबर इट्राकोनॅझोल २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू झाले. काही महिने गेले तरी फरक पडेना.

अशा वेळी पहिला संशय गोळी नीट शोषली जाते की नाही यावर घ्यायचा असतो. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आम्लाशिवाय नीट विरघळत नाहीत. रुग्ण आम्लपित्ताची गोळी घेत असेल तर औषध वाया जाते. इथे रक्तातली पातळी तपासली, ती पुरेशी होती. मग थुंकीतून उगवलेल्या बुरशीची परीक्षा झाली. चार खाचांच्या प्लेटमध्ये लिटरला ४ मिलिग्रॅम इट्राकोनॅझोल, २ मिलिग्रॅम व्होरिकोनॅझोल, ०.५ मिलिग्रॅम पोसॅकोनॅझोल आणि चौथी खाच औषधाविना. ३७ अंशांवर ४८ तासांत चारही खाचा हिरव्या-राखाडी झाल्या. जनुक वाचल्यावर टीआर३४/एल९८एच हा बदल सापडला : जनुकाच्या आधीच्या नियंत्रक भागात ३४ अक्षरांचा तुकडा दोनदा आलेला, आणि विकरातल्या ९८व्या जागी ल्युसिनऐवजी हिस्टिडीन. असा दुहेरी बदल औषध घेऊन घेऊन एका रुग्णाच्या छातीत सहसा घडत नाही. तो पर्यावरणातून आलेल्या बुरशीची खूण मानला जातो.

गिरणीच्या व्यवस्थापनापुढे मग दोन प्रश्न एकदम आले. ही बुरशी आपल्या आवारातली आहे का? आणि बाकीच्या कामगारांचे काय? कामगार प्रतिनिधींना पहिल्याचे उत्तर आधी हवे होते, कारण व्यावसायिक आजार म्हणून भरपाई त्यावर ठरणार होती. हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत हे पहिल्या बैठकीत कोणी स्पष्ट म्हटले नाही, आणि त्याची किंमत पुढे वेळेत मोजावी लागली.

पहिली फेरी

पहिल्या फेरीत टाकीजवळची माती, ढीग, बँड सॉखालचा भुसा, रंधा विभाग आणि भट्टीचे दार अशा जागांहून नमुने घेतले. प्रत्येक नमुन्याच्या औषधी प्लेटवरून एकच वसाहत उचलून जपली. रोधक बुरशी टाकीजवळच्या मातीत सापडली आणि तिच्यातही तोच टीआर३४/एल९८एच बदल निघाला. बदल सारखा, म्हणून बुरशी तीच, असा अर्थ आवारात लगेच लावला गेला.

तो चुकीचा होता. हा बदल १९९८च्या डच रुग्णाच्या नमुन्यापासून आजवर अनेक खंडांत सापडला आहे. शेकडो वेगवेगळ्या वंशांच्या अंगात तो आहे. वंश ओळखायला मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएत छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात अशा जागा, लागतात. या बुरशीसाठी नऊ जागांचा संच सर्रास वापरतात : दोन, तीन आणि चार अक्षरी आवर्तनांच्या प्रत्येकी तीन जागा. प्रत्येक जागी आवर्तन किती वेळा आले ते मोजायचे आणि नऊ आकड्यांची ओळ म्हणजे त्या बुरशीची ओळख. रुग्णाची ओळ आणि मातीतल्या बुरशीची ओळ यांत बऱ्याच जागी फरक निघाला. आवारात आता उलटा निष्कर्ष फिरू लागला : गिरणीचा संबंध नाही.

तोही तितकाच कच्चा होता. प्रत्येक ठिकाणाहून एक वसाहत, रुग्णाकडूनही एक. ढिगात एकाच मुठीत डझनभर वंश नांदू शकतात, आणि या आजारात रुग्णाच्या श्वासनलिकांतही एकाच वेळी अनेक वंश असतात. एकेक नमुना जुळला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी फेरी : नमुने कसे घेतले

दुसऱ्या फेरीची आखणी वैविध्य मोजण्यासाठी केली. ढिगात २०, ५० आणि १०० सेंटिमीटर खोलीवर तापमान घेऊन तिथलाच माल उचलला. १०० सेंटिमीटरवर पारा ६० अंशांच्या वर असेल तर तिथे फ्युमिगेटस वाढत नाही; तिचा खरा पट्टा त्याच्या बाहेरचा, ४० ते ५० अंशांचा. ढिगाच्या वरच्या कोरड्या थरावरून ओंजळ भरली तर हाच पट्टा हुकतो. प्रत्येक जागेचे पाच पोटनमुने वेगळे ठेवले, एकत्र कालवले नाहीत.

मातीसाठी २ ग्रॅम नमुना ८ मिलिलिटर द्रावणात, ०.२ मोलर मीठपाणी आणि त्यात १ टक्का ट्वीन २० (साबणासारखे द्रव्य). रंध्याच्या कोरड्या पापुद्र्यांना हे प्रमाण चालत नाही. ते सगळे पाणी पिऊन टाकतात आणि पिपेटमध्ये काहीच येत नाही. तिथे २ ग्रॅमला २० मिलिलिटर घेतले आणि पातळपणाचा फरक हिशेबात धरला. खळबळून, जड कण खाली बसू देऊन, वरचे ०.१ मिलिलिटर तीन प्रकारच्या प्लेटवर पसरले : औषधाविना, लिटरला ४ मिलिग्रॅम इट्राकोनॅझोलची आणि २ मिलिग्रॅम व्होरिकोनॅझोलची. तिन्हींत जिवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल.

औषधाविना प्लेट बऱ्याच जणांना फालतू वाटते. ती नसेल तर रोधक बुरशी एकूण बुरशीच्या किती हिश्श्यात आहे ते कळत नाही. फक्त ‘आहे’ एवढेच कळते.

प्लेट ४८ अंशांवर ठेवल्या. एवढ्या उष्णतेत पेनिसिलियम आणि ट्रायकोडर्मा या बुरशी माघार घेतात, आणि फ्युमिगेटससारखीच दिसणारी लेंटुलस नावाची जातभाऊ बुरशीही वाढत नाही. अडचण रायझोपसची. भट्टीजवळच्या आणि ढिगाच्या नमुन्यांत ती असतेच. तिच्या काही जाती उष्णतेलाही भीत नाहीत आणि व्होरिकोनॅझोलला तर मुळातच जुमानत नाहीत. सकाळी प्लेट उघडावी तर राखाडी लोकर झाकणाला टेकलेली, खाली काय उगवले ते दिसत नाही. डायक्लोरान आणि रोज बेंगॉल घातलेले माध्यम वापरल्यावर तिची पसरण आटोक्यात आली, आणि प्लेट ४८ तासांऐवजी ३० तासांपासूनच बघायला सुरुवात केली.

प्रत्येक प्लेटवरून दहापर्यंत वसाहती उचलल्या. दहाहून कमी असतील तर सगळ्या. मोठ्या, देखण्या वसाहती आधी उचलायचा मोह टाळण्यासाठी प्लेटच्या तळावर आधीच रेघा मारून चौकोन पाडले आणि एकेका चौकोनातले जे असेल ते घेतले. जात पक्की करायला बीटा-ट्युब्युलिन जनुक वाचले. औषधाची किमान रोधक मात्रा, म्हणजे बुरशीची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, द्रव माध्यमातल्या युरोपीय प्रमाण पद्धतीने काढली. इट्राकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोलसाठी ती लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर गेली की ती बुरशी अ‍ॅझोलरोधक धरली.

हवेचे नमुने मिनिटाला १०० लिटर ओढणाऱ्या इम्पॅक्टरने, ढीग हलवण्याआधी, हलवताना आणि दोन तासांनी. हलवताना १०० लिटर घेतले तर प्लेट भरून जाते आणि मोजता येत नाही. तिथे ५० लिटरही जास्त झाले. रंधा विभागात आणि कपडे बदलण्याच्या खोलीत धूळ धरणारी स्थिरविद्युत कापडे १४ दिवस टांगली. क्षणभराच्या हवेपेक्षा ती रोजच्या कामाचे खरे चित्र देतात.

रुग्णाची थुंकी पुन्हा मागवली आणि तिच्यातूनही दहा वसाहती वेगळ्या केल्या. त्याच्या घरी काय आहे हेही विचारले. इथे एक गोष्ट बाहेर आली जी पहिल्या फेरीत कोणी विचारलीच नव्हती : गिरणी कामगारांना ढिगातल्या ढलप्या बागेत पसरायला फुकट नेऊ देई. त्याच्या वाफ्यांत त्या हातभर पसरलेल्या होत्या.

काय सापडले

टाकीतल्या द्रावणात काहीच उगवले नाही. तशी अपेक्षाच होती. निवड होते ती जिथे द्रव्य पातळ होत जाते तिथे : साध्या बुरशीला मारण्याइतके, रोधक बुरशीला न मारण्याइतके. निथळण्याच्या जागेची वरची १५ सेंटिमीटर माती अगदी अशीच होती. तिथे रोधक बुरशीचा हिस्सा मोठा होता, पण वंश थोडेच होते, जवळजवळ एकाच कुळातले.

ढिगात चित्र वेगळे निघाले. रोधक बुरशीचा हिस्सा कमी, पण वंश कितीतरी. टीआर३४/एल९८एच वेगवेगळ्या ओळींच्या अंगात, काहींत टीआर४६/वाय१२१एफ/टी२८९ए हा त्याच जनुकातला दुसरा बदल, आणि काही रोधक नमुन्यांत सीवायपी५१एमध्ये बदलच नाही. शेवटच्या गटात औषध पेशीबाहेर फेकणारे पंप किंवा एचएमजी१ जनुकातले बदल शोधावे लागतात; फक्त सीवायपी५१ए तपासून ‘रोधक नाही’ म्हणणाऱ्या प्रयोगशाळेने ते सोडूनच दिले असते. या बुरशीची दोन्ही लैंगिक रूपे, एमएटी१-१ आणि एमएटी१-२, त्याच ढिगात होती. फ्युमिगेटसचे लैंगिक प्रजनन २००९ मध्ये सिद्ध झाले, आणि कुजणाऱ्या वनस्पती-कचऱ्यात ते घडत असावे असे नेदरलँड्समधल्या २०१७च्या कामातून दिसले. म्हणून अशा ढिगात फक्त बाहेरून आलेले वंश साठतात असे नाही, नवे जुळण्याचीही सोय असते.

ढिगात रोधक बुरशी कशामुळे टिकून होती हे मालाच्या रासायनिक तपासणीतून कळले. साल आणि साधा भुसा यांत अ‍ॅझोल जवळपास नव्हते. रंध्याचे पापुद्रे त्याने भरलेले होते, कारण फळी आधी औषधात बुडवून मग रंधली जाई, आणि औषध तर वरच्या काही मिलिमीटरमध्येच असते. म्हणजे औषधाचा दाट थर खरवडून ढिगावर जात होता. त्याहून वाईट टाकीचा गाळ. टाकीच्या तळाशी भुशाचा चिकट, तपकिरी लगदा साचतो. तो दर काही आठवड्यांनी उपसून एकचाकी गाडीतून ढिगावर ओतला जात होता. कायद्याने तो घातक कचरा आहे. पण ‘भुसाच तर आहे’ म्हणून त्याची वाट ठरून गेली होती.

रुग्णाच्या दहा वसाहतींत एकाहून अधिक वंश निघाले. त्यांतला एक वंश ढिगातल्या एकाशी नऊपैकी आठ जागी जुळला, नवव्या जागी एका आवर्तनाचा फरक. तोच वंश त्याच्या बागेतल्या ढलप्यांतही होता. एका आवर्तनाचा फरक दिसला की आधी यंत्रावर संशय घ्यायचा. तुकड्यांची लांबी यंत्रागणिक, अगदी त्याच यंत्रावर दिवसागणिकही सरकते. म्हणून तिन्ही ठिकाणचे डीएनए एकाच खेपेत, माहीत असलेल्या प्रमाण वंशाबरोबर पुन्हा चालवले आणि त्या जागेचा अनुक्रमही वाचला. फरक खरा होता, पण एवढ्या फरकाचे वंश जवळचे नातलग धरले जातात.

पर्याय आणि निर्णय

भरपाईसाठी लागणारा पुरावा आणि कामगारांच्या बचावासाठी लागणारा पुरावा वेगळा करायचा, हा इथला मुख्य निर्णय. ढीग, बाग आणि छाती यांत नातलग वंश सापडला तरी तो नेमका कुठून आत गेला, कामावर की वाफ्यात, हे वंशावरून सांगता येत नाही. परिसरातली शेते आणि इतर बागा यांत तोच वंश किती पसरलाय हे पाहिल्याशिवाय ‘इथूनच’ म्हणणे अवघड. तो भाग डॉक्टरांच्या अहवालावर सोडला. बचावाला मात्र एवढा पुरावा पुरेसा होता : अ‍ॅझोल ढिगात जातेय, ढिगात रोधक बुरशी वाढतेय, ढीग हलवला की ती हवेत येतेय.

फक्त मास्क देऊन काम पुढे चालू ठेवणे हा सर्वांत स्वस्त पर्याय. तो एकटा पुरेसा धरला नाही. एफएफपी२ मास्क चेहऱ्याला चपखल बसला तरच उपयोगी. दाढी असेल तर कडेने हवा आत येते, आणि कपड्यांवरची धूळ घरी जातेच.

ढिगावरच बुरशीनाशक फवारण्याची सूचना एका पुरवठादाराकडून आली होती. ती तिथल्या तिथे फेटाळली, कारण रोधक बुरशी ज्याने पोसली तेच पुन्हा ओतण्यासारखे ते होते.

टाकीतले औषध बदलण्यावर वाद बराच झाला. अ‍ॅझोल काढून आयपीबीसी आणि चतुर्थक अमोनियम यांच्या मिश्रणावर जाता येते. निळ्या बुरशीपासून काही आठवडे राखायला ते चालते, पण बाहेर उन्हापावसात बसणाऱ्या मालाला कूज-बुरशीपासून जी दीर्घ राखण लागते ती अ‍ॅझोल चांगली देतात. शिवाय टाकी बदलली तरी ढिगातले वंश आपोआप जाणार नव्हते. शेवटी मालाचे दोन भाग केले. घरात वापरायचा माल बुडवायचाच नाही. कापल्या दिवशीच भट्टीत घालून ओलावा २० टक्क्यांखाली आणायचा, म्हणजे निळी बुरशी चढतच नाही. भट्टीची क्षमता कमी असल्याने हे उन्हाळ्यात पूर्ण जमले नाही. बाहेर वापरायच्या मालासाठी अ‍ॅझोल ठेवले, पण आधी रंधा, मग टाकी.

सगळ्या कामगारांची थुंकी तपासावी असा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. निरोगी माणसाच्या थुंकीत फ्युमिगेटस येऊन जाऊन असते. अहवालाने घबराट होते आणि उपचार काहीच निघत नाही. त्याऐवजी दमा, जुन्या क्षयाने फुप्फुसात राहिलेली पोकळी, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, यांपैकी काही असलेल्यांना ढिगाच्या आणि गाळ उपसण्याच्या कामातून बाजूला काढले. दोन महिन्यांहून जास्त खोकला राहिला तर छातीचा फोटो आणि आयजीई, एवढा नियम ठरला.

काय केले

निथळण्याची जागा छपराखाली घेतली. उतार टाकीकडे असलेला काँक्रीटचा ओटा घातला, कडेला दहा सेंटिमीटरची पाळ. त्याआधी तिथली वरची १५ सेंटिमीटर माती उकरून घातक कचरा म्हणून पाठवली. टाकीच्या गाळासाठी झाकणाचे पिंप. ते भरले की परवानाधारक वाहकाकडे. रंध्याचे पापुद्रे वेगळ्या नळीने बंद कंटेनरमध्ये आणि तिथून थेट औद्योगिक बॉयलरला. बागकामासाठी फक्त साल आणि न बुडवलेल्या मालाचा भुसा. कामगारांना ढलप्या देणे बंद झाले. यावर कुरबूर झाली. गावातल्या बऱ्याच बागा त्यावर चालत होत्या.

ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको आणि कोणताही माल चार आठवड्यांपेक्षा जास्त पडून नको. हलवण्याआधी पाण्याचा बारीक फवारा. लोडरच्या केबिनला बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर, काचा बंद, आणि केबिन झाडायची नाही, व्हॅक्यूमने साफ करायची. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकायची जुनी सवय बंद करायला सर्वांत जास्त वेळ लागला. पाइपच्या टोकांना कुलपे लावल्यावरच ती गेली. धुळीचे मोजमाप तसेही चालू होते, कारण फ्रान्समध्ये लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटरला १ मिलिग्रॅम आहे. पण धूळ मर्यादेत असणे आणि बीजाणू नसणे यांचा फारसा संबंध नाही, हे कापडांवरच्या मोजणीने दिसून आले.

रुग्णाचे इट्राकोनॅझोल थांबवले. हे थांबवताना एक खाच आहे : इट्राकोनॅझोल फवाऱ्यातल्या ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडचा निचरा रोखते, त्यामुळे ते चालू असताना स्टेरॉइडचा असर प्रत्यक्ष डोसापेक्षा जास्त असतो. गोळी बंद झाली की तो उतरतो आणि दमा उसळू शकतो, म्हणून डोस नव्याने बसवावा लागला. त्याला कार्यालयाजवळच्या मोजणीच्या कामावर घेतले आणि वाफ्यांतल्या ढलप्या दुसऱ्या माणसाकडून, ओल्या करून काढून टाकल्या.

परिणाम

पुढच्या वसंतात घेतलेले नमुने उत्साहवर्धक निघाले आणि दिशाभूल करणारेही. पहिल्या फेऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीच्या होत्या. थंडीनंतर ढीग थंड असतो आणि बुरशी तशीही कमी. पहिल्या फेऱ्यांच्याच महिन्यात, उन्हाळ्याच्या अखेरीस, पुन्हा मोजल्यावर खरे चित्र दिसले. रंधा विभागातल्या कापडांवर रोधक बुरशी जवळजवळ उरली नव्हती. ढिगात एकूण फ्युमिगेटस पूर्वीइतकीच होती आणि वैविध्यही टिकून होते, पण रोधक वंशांचा हिस्सा उतरला होता. काँक्रीटच्या कडेबाहेरच्या मातीत ते जुने जवळच्या नात्यातले वंश अजून होते. अ‍ॅझोल सेंद्रिय मातीला घट्ट चिकटतात आणि सावकाश विरतात. रुग्णाचा खोकला कमी झाला, आयजीई खाली आले. काम बदलल्याने, बाग साफ झाल्याने की औषधे बदलल्याने, हे वेगळे काढता आले नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, रुग्णाची पहिली प्लेट टाकून द्यायला नको होती. उणे ८० अंशांवर ग्लिसरॉलमध्ये दहा वसाहती ठेवायला एक डबी लागते. उपचार चालू असतानाची थुंकी आणि आधीची थुंकी यांतले वंश वेगळे असू शकतात, आणि आधीची आता मिळणार नाही.

पहिल्या फेरीचा पैसा वंश ओळखण्यावर खर्च करण्याआधी कचऱ्याची वाट पायी चालून पाहिली असती तर गाळाची गाडी पहिल्याच दिवशी दिसली असती. त्यासाठी जनुके लागत नाहीत.

गिरणीबाहेरचे, वाऱ्याच्या उलट दिशेचे, किमान दोन-तीन ठिकाणचे नमुने दोन्ही फेऱ्यांत कमी पडले. त्यांच्यावाचून ‘गिरणीतला वंश’ हा शब्दच अर्धवट राहतो.

भारतातल्या वाचकांसाठी

ही प्रक्रिया जशीच्या तशी आपल्या वखारींत दिसणार नाही. इथे लाकडाला बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिड किंवा तांबे-क्रोम-आर्सेनिक जास्त चालते. पण रोधक बुरशी इथे आहेच. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत चहामळ्यांची माती, रुग्णालयाच्या बागेतल्या कुंड्या, भातखाचरे अशा ठिकाणी ती सापडली, आणि पर्यावरणातले सगळे टीआर३४/एल९८एच नमुने नऊच्या नऊ जागी एकाच ओळीचे निघाले. युरोपातल्या वंशांत ती ओळ नव्हती. जुराच्या ढिगातले रंगीबेरंगी वैविध्य आणि हा एकसुरी वंश यांचा अर्थ वेगळा लागतो : एकीकडे अनेक वंश एकत्र येऊन मिसळतात, दुसरीकडे एक यशस्वी वंश दूरवर पसरतो. पहिल्या ठिकाणी ढीग हाताळावा लागतो, दुसऱ्या ठिकाणी पसरण्याच्या वाटा शोधाव्या लागतात.

नाशिक-सांगलीकडे द्राक्षबागांत भुरीसाठी ट्रायअ‍ॅझोल फवारतात आणि छाटणीच्या काड्या बारीक करून कुजवतात. तिथे नमुने घ्यायचे झाले तर ढिगाचा ४० ते ५० अंशांचा पट्टा, औषधाविना प्लेट आणि प्रत्येक प्लेटवरून दहा वसाहती, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. क्षयाने पोकळी पडलेले फुप्फुस घेऊन काम करणारी माणसे इथे फ्रान्सपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ढिगाच्या कामावर कोणाला ठेवायचे हे ठरवताना ती यादी आधी काढावी.